उतार कोठे आहे?

काही वर्षांपूर्वीच्या सप्टेंबर महिन्यातील ही गोष्ट आहे. पदव्युत्तर वर्गाची अभ्याससहल घेऊन आम्ही दोघे प्राध्यापक जांब समर्थला गेलो होतो. घनसावंगी तालुक्यातील हे गाव रामदासांचे जन्मस्थान. तेथून परतताना गोदावरीकाठी थांबावे, असे आधीच ठरले होते. याला कारण आमचा एक माजी विद्यार्थी. नोकरीनिमित्त तो कोकणात राहिला होता, तेथे कयाक चालवायला शिकला होता आणि आपल्या दोन कयाक टेम्पोवर बांधून मोठ्या उत्साहाने सहलीत सामील झाला होता. एका माणसाच्या मापाची, निमुळती, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची ही होडी मूळची ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांची. ते ती सीलच्या कातड्याची करीत. आमच्याकडे आलेल्या प्लास्टिकच्या होत्या. ज्या नदीच्या काठी मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ घडला, त्या नदीत मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी उतरावे, ही कल्पना आम्हालाही आवडली होती.

उतरण्यापूर्वी आम्ही पाणी पाहिले. म्हणजे काय केले? आकाशाकडे पाहिले, ते स्वच्छ होते. नदीकडे पाहिले, ती संथ होती. एका विद्यार्थ्याला काठाकाठाने पुढे जायला सांगितले. पाणी त्याच्या मांडीपर्यंत आले. एवढ्यावर आमचे समाधान झाले. कयाक खाली उतरवल्या जात असताना, जवळच धुणे धूत असलेल्या एका बाईंनी अर्धेमुर्धे पिळलेले कपडे टोपल्यात भरले आणि त्या वर चढून आमच्यापाशी आल्या. ‘‘सर, वरून पानी सुटलंय. लेकरं उतरू देऊ नका,’’ एवढेच त्या म्हणाल्या. तुम्हाला कसे कळले, असे विचारल्यावर त्यांनी प्रवाहाकडे बोट दाखवले. काठालगत पांढुरका फेस येत होता. जलपर्णीचे तुटके पुंजके मधल्या धारेतून वाहत होते. मघाशी ते एका जागी होते. शिवाय त्यांच्या धुण्याच्या दगडाची खालची कडा दिसेनाशी झाली होती. पाऊण तासाने तो दगड आम्हाला शोधूनही दिसला नाही.

कयाक पुन्हा टेम्पोवर चढल्या. कोणाला काही झाले नाही. परंतु परतीच्या वाटेवर एक गोष्ट आम्हा दोघांनाही बोचत राहिली. जायकवाडीतून किती क्युसेकने विसर्ग होणार, हे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापलेले होते. आम्ही ते सकाळी वाचले होते, त्यावर बोललोही होतो. त्या आकड्याचा आणि मांडीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलाचा काही संबंध आहे, हे मात्र दोन एम.ए. झालेल्या माणसांच्या ध्यानात आले नव्हते. ज्यांच्या ते ध्यानात आले, त्यांनी बहुधा वर्तमानपत्र पाहिलेही नसावे. प्रस्तुत लेख त्या बोचणीतून निघाला आहे. नदीत पाऊल टाकण्यापूर्वी पाणी जोखण्याची विद्या आपल्या प्रदेशात कोणापाशी होती, इतिहासात तिचे काय झाले आणि आज ती कोठे जाऊन बसली आहे, एवढाच त्याचा विषय.

आरंभ भाषेपासून करणे आम्हाला सोयीचे. नदी जेथून पायी ओलांडता येते, त्या जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात. संस्कृतातील ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार होणे. त्या धातूपाशी हा शब्द जातो. त्याच धातूचा ‘तीर्थ’. आज तीर्थ म्हटले की देऊळ, घाट, स्नान, पुण्य असे चित्र उभे राहते. परंतु या शब्दाचा जुना अर्थ ‘पार होण्याची जागा’, म्हणजे उतार किंवा घाट, असाच आहे. गोदावरीकाठची तीर्थे मोजताना आपण नदीची पवित्र स्थळे मोजतो. आरंभी तेथे लोक उतरून पलीकडे जात असले पाहिजेत आणि पावित्र्य त्या वर्दळीमागून आले असले पाहिजे, असा तर्क करण्यास हरकत नाही. उतारू हा शब्द आता रेल्वेत आणि बसमध्ये बसतो, उतारा हा तलाठ्याकडे आणि प्रश्नपत्रिकेत आढळतो. मूळचे पाणी दोन्हींतून आटले आहे.

खोली सांगण्याची आपली भाषाही पाहण्यासारखी आहे. घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कमरेएवढे, छातीएवढे, गळ्याइतके आणि शेवटी पुरुषभर. विहिरीची खोली परसांत सांगण्याची रीत अजून गेलेली नाही. ही मोजपट्टी माणसाच्या शरीराची आहे आणि तिचा गुण असा, की ती मोजणाऱ्याला मोजमापाबाहेर राहू देत नाही. ‘अडीच फूट पाणी’ हे कोणीही काठावरून सांगू शकतो. ‘कमरेएवढे पाणी’ सांगायला कोणाची तरी कंबर भिजलेली असावी लागते. (उंच माणसाची कंबर आणि बुटक्याची कंबर यांत फरक असतो, हे खरे. पण सांगणारा समोर उभा असतो, त्यामुळे हिशेब आपोआप होतो.) दुसऱ्याची योग्यता आजमावण्यालाही आपण ‘पाणी जोखणे’ म्हणतो, हे उगाच नव्हे.

‘ज्ञानेश्वरी’च्या बाराव्या अध्यायात या विद्येचा एक सुंदर दाखला आहे. संसारसागरातून भक्तांना मी वर काढतो, या श्रीकृष्णाच्या वचनावर भाष्य करताना ज्ञानदेव तारून नेण्याच्या निरनिराळ्या रीती सांगतात. जे एकटे, सडे आहेत, त्यांना ध्यानाच्या कासेला लावले. ज्यांचा परिवार आहे, त्यांना तराफ्यावर घातले. कोणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधली आणि त्याला पैलतीरी आणले. वर्गात हे शिकवताना बहुतेक वेळ अध्यात्मावर खर्च होतो आणि ‘पेटी’ या शब्दाशी विद्यार्थी अडखळतो. त्याच्या डोळ्यांपुढे लोखंडी पेटी येते. ही पेटी म्हणजे पोहणाराने पोटाशी बांधायचे तरंगते साधन. कास म्हणजे पट्टीच्या पोहणाराच्या कमरेचे वस्त्र. न पोहणारा ते धरून मागे मागे येई. ‘कासेला लागणे’ हा वाक्प्रचार तेथला. दोन भोपळे वा दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्याला ‘सांगड’ म्हणत. मोल्सवर्थने आपल्या कोशात ती नोंदवली आहे आणि आज आपण ‘सांगड घालणे’ फक्त विचारांच्या बाबतीत करतो. एकटा माणूस, कुटुंब असलेला माणूस, पोहता न येणारा माणूस: प्रत्येकासाठी वेगळे साधन आहे, हे ज्याने गोदेचा उतार पाहिला आहे त्यालाच इतक्या सहजपणे सुचेल. ज्ञानदेवांच्या घराण्याचे गाव म्हणून परंपरा ज्या आपेगावचे नाव घेते, ते पैठणजवळ गोदावरीच्या काठावरच आहे.

आता इतिहासाकडे वळू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला, म्हणजे तसा तो आमच्याहून फार मोठा नाही. पण त्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी आहे आणि उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादच्या बाजूला पूर्णा, केळणा, जुई या नद्या आहेत. या दोन्ही टोकांना, चाळीस वर्षांच्या अंतराने, दोन लढाया झाल्या. दोन्हींमध्ये निर्णायक ठरले ते पाणी.

पहिली लढाई राक्षसभुवनची, १० ऑगस्ट १७६३. हे स्थान आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदेच्या दक्षिण तीरावर आहे. शहागडपासून ते फार दूर नाही. निजामअलीचे सैन्य औरंगाबादकडे निघाले होते. नदी भरलेली. निजाम स्वतः सैन्याचा एक भाग घेऊन उत्तर तीरावर आला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. सैन्य असे दोन तीरांवर विभागलेले असताना माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांनी मागे राहिलेल्या भागावर घाला घातला. विठ्ठल सुंदर मारला गेला, फौज मोडली आणि मधल्या पाण्यामुळे निजामाला मदत पोहोचवता आली नाही. माधवरावांच्या कर्तृत्वाचा उदय म्हणून ही लढाई पाठ्यपुस्तकांत येते आणि ते योग्यच आहे. तरीही एक प्रश्न उरतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गोदावरी अर्धी उतरून अर्धे सैन्य मागे ठेवावे, असा हिशेब निजामाच्या छावणीत कोणी केला? नदी ओलांडायला किती वेळ लागेल, हे सैनिकांच्या संख्येवर अवलंबून नसते. नावांच्या संख्येवर आणि पाण्याच्या वेगावर असते. गंगथडीतला कोणताही नावाडी हे सांगू शकला असता. (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलुखाला गंगथडी.) त्याला विचारले नसावे, किंवा विचारूनही ऐकले नसावे.

दुसरी लढाई असईची. येथे आम्हाला थोडे रेंगाळायचे आहे.

पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झालेला आर्थर वेलस्ली १८०३ साली दख्खनमध्ये होता. मराठ्यांशी युद्ध करायचे तर पावसाळ्यात करावे, असे मत त्याने दोन वर्षे आधीच एका टिपणात मांडले होते. कारण साधे होते. मराठ्यांचे बळ घोडदळात आणि घोडदळाचे बळ वेगात. नद्या भरल्या की हा वेग संपतो. इंग्रजांनी मात्र कातड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या होड्या बरोबर बाळगल्या, तर त्यांना नदी अडवू शकत नाही. टोपलीची होडी ही काही इंग्रजांची कल्पना नव्हे. दक्षिणेतील नद्यांवर ती पूर्वापार चालत आली होती. ज्याने ती शोधली, त्याच्याविरुद्ध ती वापरण्याचा विचार वेलस्लीने केला. एखाद्या प्रदेशाचे ज्ञान त्या प्रदेशातील लोकांकडून घेऊन त्यांच्यावरच चालवणे, ही वसाहतवादाची एरवी मोठमोठ्या ग्रंथांत वर्णिलेली रीत येथे एका टोपलीत मावलेली दिसते.

१२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेऊन वेलस्ली गोदावरी ओलांडून उत्तरेला आला. सप्टेंबरच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. शिंदे-भोसल्यांचे घोडदळ गोदावरी उतरून हैदराबादच्या दिशेने जाईल, ही इंग्रजांची मुख्य धास्ती होती आणि म्हणून वेलस्ली काही दिवस नदीच्या उत्तर तीराने खाली सरकत राहिला. २१ सप्टेंबरला बदनापूरला त्याची आणि स्टीव्हन्सनची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला शत्रूवर एकत्र चालून जायचे ठरले. पण २३ तारखेलाच वेलस्लीला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे संपूर्ण सैन्य केळणेच्या पलीकडच्या तीरावर, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेले दिसले. त्याच्याजवळ शिस्तबद्ध फौज सात हजारांच्या आसपास. समोर पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालची दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा आणि अगणित घोडदळ. मध्ये केळणा, खोल दरडीची.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. बगलेला वळसा घालायचा, तर खालच्या अंगाला उतार हवा. वेलस्लीने वाटाड्यांना विचारले. उतार नाही, असे त्यांनी सांगितले. मग तो स्वतः पुढे गेला. त्याला नदीच्या अलीकडे एक गाव दिसले आणि जवळजवळ त्याच्या समोरच पलीकडे दुसरे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी उमटली आहेत. समोरासमोर तीरांवर इतकी जवळ दोन गावे वसवणारी माणसे एकमेकांकडे येत-जात असणारच. तेव्हा येथे नाव तरी असली पाहिजे किंवा उतार तरी आणि उताराचीच शक्यता अधिक. असा तर्क आपण त्या क्षणी केला, असे त्याने पुढे वृद्धापकाळी सांगितले. अधिकारी पाठवून खात्री केली; उतार सापडला. फौज त्या जागी उतरू लागली, तेव्हा मराठ्यांच्या तोफांचे गोळे तेथवर पोहोचत होते. वेलस्लीच्या अगदी जवळच्या स्वाराचे डोके एका गोळ्याने उडवले. तरीही फौज पार झाली आणि केळणा व जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लढाई उभी राहिली.

पुढचे सर्वश्रुत आहे. पोलमनच्या पलटणींनी आपली संपूर्ण आघाडी वळवून इंग्रजांच्या नव्या दिशेकडे तोंड केले. ही हालचाल कवायतीच्या मैदानावरही सोपी नसते. असईच्या गावकुसाजवळ इंग्रजांच्या ७४व्या पलटणीची दैना झाली. विजय मिळाला, परंतु मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक माणसे वेलस्लीने गमावली. वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला, तुमच्या हातून रणांगणावर घडलेली सर्वोत्तम गोष्ट कोणती, असे कोणी विचारले, तेव्हा त्याने असईचेच नाव घेतले, अशी आख्यायिका सर्व चरित्रकार सांगतात.

साहित्याच्या शिक्षकाला या प्रसंगात एक वाचन दिसते. वेलस्लीने पाणी पाहिलेच नाही, गावे पाहिली. नदीची खोली त्याने घरांवरून वाचली. नदी माणसांना विभागते, ही सैनिकाची नेहमीची समजूत. त्या दिवशी त्याने तिच्या उलट विचार केला. मुली देणे, सुना आणणे, पलीकडच्या बाजाराला जाणे, पेरणीला बैल मागून आणणे यांसाठी लोक रोज उतरतात, म्हणून गावे समोरासमोर वसतात. हे अनुमान निःसंशय तेजस्वी आहे.

तरीही आमचे मन त्या वाटाड्यांपाशी अडते. त्यांना उतार खरोखर ठाऊक नव्हता? ते दूरच्या गावचे असतील, तर शक्य आहे. पण ठाऊक असूनही त्यांनी सांगितला नाही, असेही असू शकेल. दोन्ही बाजूंच्या फौजांनी ज्यांची उभी पिके तुडवली, त्या मुलखातली ती माणसे. १८०३-०४ हे वर्ष दख्खनमध्ये दुष्काळाचे म्हणून नोंदले गेले आहे आणि त्या दुष्काळात फौजांच्या वावराचा मोठा वाटा होता. अशा वेळी परक्या सेनापतीला आपल्या गावचा उतार दाखवणे म्हणजे आपल्या गावात लढाई बोलावणे. ‘उतार नाही’ हे अज्ञान होते की नकार होता, हे ठरवायला आमच्यापाशी पुरावा नाही. बखरकार आणि खलिते लिहिणारे दोघेही वाटाड्याचे म्हणणे त्याच्या तोंडून नोंदवीत नाहीत. इतिहासलेखकांनी मात्र बहुधा एकच अर्थ घेतला आहे: देशी वाटाडे अडाणी, इंग्रज सेनापती चतुर. आम्हाला दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. तो चुकीचा असू शकेल.

मराठ्यांच्या बाजूचेही एक कोडे आहे. त्या तळावरची जनावरे पाण्यावर नेणाऱ्या माणसांना हा उतार माहीत नसेल, हे पटत नाही. मग त्यावर पुरेसा बंदोबस्त का नव्हता? ज्ञान तळाच्या एका टोकाला होते आणि निर्णय दुसऱ्या टोकाला. या दोहोंमधले अंतर केळणेच्या पात्राहून रुंद असले पाहिजे.

या दोन्ही लढायांच्या काळी निदान एक गोष्ट पक्की होती: नदीची खूण नदीतच असे. पाण्याचा रंग गढूळला, काड्याकचरा वाहू लागला, ठरावीक खडक बुडाला, देवळाची अमुक पायरी ओली झाली, की जाणणाऱ्याने जाणावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीच्या बाबतीत हे बदलले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली; २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्‌घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. या जलाशयाला नाथसागर असे नाव मिळाले. मराठवाड्याची तहान आणि शेती यांचा विचार करता या धरणाबद्दल कृतज्ञ नसणे आम्हाला शक्य नाही. पण त्या दिवसापासून खालच्या गंगथडीत नदीचे पाणी हे आभाळाचे राहिले नाही. नाशिक-नगरकडे पाऊस होतो, पाणी नाथसागरात येते, दरवाजे किती उघडायचे हे ठरते आणि काही तासांनी अंबड, घनसावंगी, परतूरच्या काठांवर, लख्ख उन्हात, नदी चढते. पुढे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे झाले. आता नदी म्हणजे एकामागे एक मांडलेली टाकी आहे. दोन बंधाऱ्यांमधले पाणी संथ दिसते, होडीला बोलावते. पण वरून विसर्ग वाढला, की बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी तळाशी उलटे फिरते आणि त्यात सापडलेली होडी व माणूस पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढले जातात. कयाकवाल्यांना धबधब्याहून भय असते ते या ठेंगण्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या भिंतीचे. हे आम्हाला त्या माजी विद्यार्थ्याने नंतर समजावून सांगितले. आधी का नाही सांगितले, असे आम्ही विचारले नाही. आम्हीही त्याला काही विचारले नव्हते.

येथे एक गंमतीचे साम्य सांगण्याचा मोह होतो. जालना शहरातून वाहणाऱ्या नदीचे नाव कुंडलिका. तो ज्या नदीत कयाक शिकला ती रायगड जिल्ह्यातील, कोलाडची नदीही कुंडलिकाच. त्या कुंडलिकेला पावसाळ्याबाहेरही वेग असतो. कारण मुळशीच्या तलावाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात येते, जनित्रे फिरवते आणि मग नदीत सोडले जाते. ज्या मुळशीसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट हे नाव महाराष्ट्राला मिळाले, त्याच मुळशीचे हे पाणी. तेथे होडी केव्हा घालायची, हे वीज केव्हा लागते यावर ठरते. तेथल्या होडीवाल्यांना सुटणाऱ्या पाण्याची वेळ ठाऊक असते आणि त्यांचा सारा व्यवहार त्या वेळेवर बेतलेला असतो. आमच्या विद्यार्थ्याचा डोळा अशा नदीवर तयार झालेला होता. गोदावरीला असे रोजचे वेळापत्रक नाही.

तिच्याबाबतीत मिळतो तो आकडा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटले आणि पैठणपासून नांदेडपर्यंतचा काठ बुडाला. अडीच लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सत्तर लाख लिटर, दिवसभर चालले तर एकवीस टीएमसीहून अधिक. हे गणित आम्ही आता करू शकतो आणि तरीही त्याने काही कळत नाही. दहा हजार क्युसेकला धुण्याचा तो दगड बुडतो की पंधरा हजारांना? पंचवीस हजारांना शेतातली वाट राहते की जाते? सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने गंगथडीतील गावे पुन्हा पाण्याखाली गेली, लोकांना घरे सोडून उंचावर जावे लागले. तेव्हाही आकडे तासातासाला येत होते, आता तर हातातल्या फोनवर. केंद्रीय जल आयोगाने देशात पुराचे अंदाज देण्यास १९५८ साली दिल्लीला यमुनेवर आरंभ केला; इशारा पातळी, धोका पातळी या संज्ञा तेव्हापासून रुळत आल्या आहेत. ही यंत्रणा आवश्यक आहे, तिने प्राण वाचवले आहेत. उणीव वेगळी आहे. क्युसेकची भाषा आणि मांडीभर-कमरभराची भाषा यांच्यामध्ये दुभाषा नाही. दरवाजापाशी बसलेल्या माणसाला दगड माहीत नाही आणि दगडापाशी बसलेल्या बाईंना दरवाजा कोणी कळवीत नाही. त्या फेसावरून ओळखतात. फेस येतो तेव्हा पाणीही आलेलेच असते, एवढाच त्यांच्या विद्येतला धोका. अभ्यासक्रमाला भाषांतर हा विषय शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे भाषांतर कधी सुचले नव्हते.

त्यानंतर आम्ही एक लहानसा उद्योग सुरू केला आहे. काठच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना वही दिली आहे. वर्तमानपत्रात आलेला विसर्गाचा आकडा एका रकान्यात आणि आपल्या गावची कोणती खूण बुडाली ते दुसऱ्या रकान्यात लिहायचे: पायरी, बाभूळ, विहिरीचा कठडा, मोटारपंपाची पेटी. (पेटी हा शब्द असा नदीकाठी परत आला.) वह्या अजून अपुऱ्या आहेत, दोन मुलींच्या तेवढ्या नेमाने भरलेल्या आहेत. बाकीच्यांनी परीक्षेच्या आधी एका बैठकीत भरल्या, हे अक्षरावरून दिसते.

वेलस्लीचा उतार पाहावा म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही केळणेकाठी गेलो होतो. पात्रात पाण्याच्या दोन-तीन बारीक धारा होत्या, बाकी वाळू आणि गोटे. दोन्ही तीरांवर घरे दिसत होती. काठावर शेळ्या घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आम्ही त्यांना लढाईविषयी विचारले नाही. ‘‘बाबा, पूर्वी इथला उतार कुठे होता?’’ असे विचारले.

त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिले, मग नदीकडे. ‘‘कोणत्या महिन्यातला?’’ ते म्हणाले.